ताबा एकाचा, नाव दुसऱ्याचे

जुनी मोटार विकायला काढली की आपल्याकडे एक बोली ठरलेली असते. मालक म्हणतो, मला हातात चार लाख हवेत, वर जे सुटतील ते तुमचे. डीलर होकार देतो. गाडी त्याच्या जागेत लागते, किल्ली त्याच्या टेबलाच्या खणात जाते आणि ट्रान्सफरच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मांवर मालक सह्या करून निघतो. घेणाऱ्याचे नाव कोरे, तारीख कोरी, खाली फक्त मालकाची सही. या धंद्यात याला ‘पार्क अँड सेल’ म्हणतात. पुढे जी भांडणे होतात तीही ठरलेलीच असतात. गाडी विकली गेली, पण पैसे आले नाहीत. किंवा ती साडेचार लाखांना गेली आणि मालकाला ‘बाजार पडलाय’ असे सांगून पावणेचारवर आणले. किंवा ती विकलीच नाही, दोन महिने डीलरची माणसे ती फिरवत राहिली. किंवा विक्री झाली, पैसेही चोख मिळाले, पण आरसी बुकावर नाव जुन्याच मालकाचे राहिले आणि वर्षभराने अपघाताच्या दाव्याची नोटीस त्याच्या दारात आली. अशा हकिकती आपण फसवणुकीच्या म्हणून ऐकतो आणि ‘माणूस पाहून व्यवहार करावा’ एवढ्यावर सोडून देतो. हा सल्ला अपुरा आहे, आणि इतिहास तसे स्पष्ट दाखवतो. आपला माल दुसऱ्याच्या हातून विकण्याचे व्यवहार फार जुने आहेत आणि त्यांतली भांडणेही तितकीच जुनी आहेत. ती जिथे आटोक्यात आली, तिथे दोन गोष्टी घडल्या होत्या: माल सोपवल्याची नोंद सरकारदरबारी झाली, आणि पैसे कधी व कोणत्या हिशोबाने चुकते करायचे हे कायद्याने बांधून दिले. मोटारीच्या बाबतीत पहिली गोष्ट व्हायला २०२३ साल उजाडले. दुसरी अजून व्हायची आहे.

महाराष्ट्राला हा धडा मोटारीच्या आधी कापसाने दिला होता. शेतकरी गाडी भरून कापूस आणतो आणि अडत्याच्या दारी उतरवतो. माल शेतकऱ्याचा, विकणारा अडत्या, घेणारा व्यापारी. भाव ठरायचा तो हत्ता पद्धतीने. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली हात घालत आणि एकमेकांची बोटे दाबून आकडे सांगत. ज्याचा माल तो दोन हातांवर उभा असे, पण त्याला दिसे ते फक्त हलणारे कापड. मग हिशोबाची पट्टी हाती पडे. तीत अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशी वजावट ओळीने लागलेली असे. जो आकडा आपल्याला कळलाच नाही, त्यातून काय काय कापले याचा हिशोब शेतकऱ्याने समजून घ्यायचा असे. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ मध्ये कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाच आला. मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा १९२७ चा. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली, १९३९ मध्ये मुंबई इलाख्याचा शेतमाल बाजार कायदा झाला आणि १९६३ मध्ये महाराष्ट्राचा आजचा कृषी उत्पन्न बाजार कायदा आला. या सगळ्या वाटचालीत अडत्याला सज्जन बनवण्याचा उपाय कुणी सुचवला नव्हता. रुमाल काढला, लिलाव उघड केला, वजनाला परवानाधारक तोलारी बसवला, वजावटीच्या बाबी ठरवून दिल्या आणि मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते करण्याची सक्ती केली. अडत्या तोच राहिला, त्याच्या अंधाराची जागा तेवढी कमी झाली. या बाजारांत पुढे जे बिघडले त्याकडे शेवटी यायचेच आहे, पण आधी मोटारीचे पाहू.

कोणी म्हणेल, मोटार म्हणजे कापूस नव्हे, आणि वेगळ्या कायद्याची गरजच काय? १८७२ चा करार कायदा आहेच. त्यात अभिकर्त्याचे, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाऱ्याचे, कर्तव्य नीट लिहिले आहे. मालकाच्या सूचनेप्रमाणे वागावे (कलम २११), मागताच हिशोब द्यावा (२१३), मालकाच्या नकळत त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा साधला तर तो नफा मालकाला मागता येतो (२१६), आणि आपली रक्कम वळती करून उरलेली पुरती चुकती करावी (२१८). कागदावर यात काहीच उणे नाही. अडचण ‘हातात इतके’ या बोलीत आहे. मालकाला ठरलेला आकडा द्यायचा आणि वरचे सगळे आपले, असे ठरले की डीलर हा मालकाचा अभिकर्ता राहिला की त्यानेच गाडी विकत घेतली? हा प्रश्न इंग्लंडात १८७१ साली नेव्हिल नावाच्या एका दलालाच्या दिवाळखोरीत उभा राहिला. माल त्याच्याकडे विक्रीला येई, तो वाटेल त्या भावाने विकी आणि पाठवणाऱ्याला ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे पैसे देई. न्यायालयाने सांगितले की नावाला काहीही म्हणा, हा माणूस अभिकर्ता नाही, खरेदीदार आहे. हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८७३ मध्ये तेच कायम केले. याचा अर्थ नीट पाहावा. माल पाठवणारा स्वतःला मालक समजत होता आणि कायद्याच्या नजरेत तो दिवाळखोराच्या येणेकऱ्यांच्या रांगेतला एक होता. आपल्याकडची ‘वरचे तुमचे’ ही बोली याच रेषेवर उभी आहे. वाद झाला की डीलर सोयीप्रमाणे बाजू बदलतो. नफ्याचा हिशोब मागितला तर ‘मी गाडी घेतली होती, नफा माझा’, आणि गाडीत दोष निघाला किंवा पैसे थकले तर ‘मी नुसता मध्यस्थ’. तोंडी बोलीने दोन्ही दारे उघडी ठेवलेली असतात. ती ठेवणारा मालकच असतो, कारण मोघम बोली त्यालाही त्या दिवशी सोयीची वाटलेली असते.

गाडी परस्पर विकली गेली तर ती घेणाऱ्याकडून परत मिळते का, हा त्याहून कठीण प्रश्न. लंडनच्या अपील न्यायालयापुढे १९२२ मध्ये फोक्स विरुद्ध किंग हा खटला आला, आणि मोटारीच्या सोपवलेल्या विक्रीवर इतका बोलका निकाल दुसरा शोधून सापडणार नाही. मालकाने गाडी डीलरच्या हवाली केली होती आणि ५७५ पौंडांच्या खाली मला विचारल्याशिवाय विकायची नाही अशी अट घातली होती. त्याने ती ३४० पौंडांना विकून टाकली आणि पैसे घशात घातले. गाडी पुढे आणखी हात बदलत गेली. मालकाने ती शेवटच्या धन्याकडे मागितली, तेव्हा न्यायालय म्हणाले, गाडी विक्रीसाठी तुमच्याच संमतीने त्याच्या ताब्यात गेली होती, घेणाऱ्याला तुमच्या अटीची कल्पना नव्हती, म्हणून त्याची खरेदी पक्की. त्यामागे १८८९ चा फॅक्टर्स कायदा होता, आणि त्याचेच तत्त्व आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्याच्या २७व्या कलमात आले आहे: व्यापारी अभिकर्त्याच्या ताब्यात मालकाच्या संमतीने माल असेल, त्याने तो नेहमीच्या धंद्याच्या रीतीने विकला असेल आणि घेणारा प्रामाणिक असेल, तर विक्री वैध. हे तत्त्व मला अन्यायाचे वाटत नाही. भर बाजारात दुकानातून वस्तू घेणाऱ्याने दुकानदाराच्या खासगी कराराची चौकशी करत बसावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. फसवणाऱ्याची निवड मालकाने केली, घेणाऱ्याने नाही.

मात्र इंग्लंडच्या न्यायालयांना लवकरच जाणवले की मोटारीची गोष्ट कापडाच्या ठाणासारखी नसते, तिच्याबरोबर नोंदणी पुस्तक असते. १९५० मध्ये निकाली निघालेल्या पिअर्सन खटल्यात डीलरने नुसता भाव काढण्यासाठी म्हणून गाडी ठेवून घेतली आणि एक बनाव रचून पुस्तकही हाती येईल असे केले. न्यायालयाने ठरवले की पुस्तकाचा ताबा संमतीने गेलेला नाही, आणि पुस्तकाशिवाय जुनी गाडी विकणे ही धंद्याची रीत नव्हे, म्हणून मालकाचा हक्क शाबूत. १९६२ च्या आणखी एका खटल्यात मालक गाडीची किल्ली खिशात घालून घरी गेला होता, पण पुस्तक गाडीतल्या कुलूपबंद कप्प्यात विसरला होता. डीलरने कप्पा उघडला, पुस्तक काढले आणि गाडी एका फायनान्स कंपनीला विकली. तिथेही मालक जिंकला. म्हणजे चाळीस वर्षे न्यायाधीश एकाच प्रश्नाभोवती फिरत होते: कागद आणि किल्ली, दोन्ही मालकाने राजीखुशीने दिली होती का? आपल्या डीलरच्या खणातले कोरे २९-३० फॉर्म या प्रश्नापुढे ठेवून पाहा. किल्ली दिली, आरसी दिली, वर कोऱ्या कागदावर सहीही दिली. त्या मालकापाशी बचाव म्हणून जवळजवळ काही उरत नाही.

आपल्याकडच्या मोटार कायद्यांत या मधल्या माणसाला जागाच नव्हती. १९१४ चा कायदा, १९३९ चा कायदा, आणि १९८८ चा आजचा कायदा, तिन्ही वाचले तर नव्या गाडीचा विक्रेता दिसतो. त्याच्यासाठी ट्रेड सर्टिफिकेटची सोय पुढे झाली. जुन्या, नोंदणी झालेल्या गाडीच्या बाबतीत मात्र कायदा दोनच माणसे ओळखत होता, देणारा आणि घेणारा. १९८८ च्या कायद्याच्या ५०व्या कलमाप्रमाणे एकाच राज्यातला व्यवहार असेल तर देणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे. आता गाडी डीलरच्या जागेत तीन महिने उभी राहिली तर कोणते १४ दिवस मोजायचे? डीलरने ती स्वतःच्या नावावर करून घ्यावी म्हटले तर फी भरा, वेळ घालवा, आणि शिवाय गाडी ‘फर्स्ट ओनर’ची ‘सेकंड ओनर’ होऊन तिचा भाव उतरतो. त्यामुळे नाव थेट पहिल्या मालकावरून शेवटच्या गिऱ्हाइकावर चढवायचे, मधल्या कुणाची नोंद ठेवायचीच नाही, ही रीत धंद्याच्या अंगवळणी पडली. कोरा फॉर्म तिच्यातून जन्मला. टंचाईच्या काळाने ही रीत आणखी घट्ट केली असावी. फियाट आणि अँबेसेडरसाठी वर्षानुवर्षांची वाट, बजाज स्कूटरसाठी तशीच, आणि वाटपावर १९५९ च्या मोटार नियंत्रण आदेशासारखी बंधने. जुनी गाडी नव्यापेक्षा महाग विकली जाण्याचा तो काळ होता. नाव एकाचे आणि गाडी दुसऱ्याच्या दारात, यात तेव्हा कुणाला नवल वाटत नव्हते.

या सोयीची किंमत कुणी मोजली, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार निकालात दिसते. गाडी पहिल्या मालकाने २००७ मध्ये विकली होती. ती पुढे एकामागून एक हात बदलत गेली. मे २००९ मध्ये तिने अपघात केला, त्यात एक मूल दगावले. तेव्हाही नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती, आणि न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. कारण कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावाने नोंदणी तो मालक. निकाल कठोर आहे, आणि मला तो बरोबरही वाटतो. ज्या घरातले मूल गेले त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या गाडीचा माग काढत फिरावे, असे म्हणणे निर्दय ठरेल. नोंदवही हाच त्यांचा आधार. पण मग ज्याला गाडी सोपवली त्याला त्या नोंदवहीत नाव लावता येईल असा रकानाच नसणे, हा दोष कायद्याचा होता, आणि त्याचे ओझे मालकाने वाहिले. दोन वर्षांपूर्वी गाडी विकलेल्या माणसाचा गुन्हा एवढाच, की धंद्यात सगळे करतात तसे त्याने केले.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: डीलरने पैसे खाल्ले तर तो विश्वासघाताचा गुन्हा आहे, पोलिसात जावे. खरे आहे. १८६० च्या दंड संहितेचे ४०९वे कलम अडत्या, दलाल आणि अभिकर्ता यांचे नाव घेऊन जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगत होते, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच ३१६व्या कलमाच्या पाचव्या पोटकलमात आहे. पण एवढा भारी दंड पुस्तकात असूनही त्याने कापसाच्या बाजारातला रुमाल हलवला नव्हता. फौजदारी कायद्याला आधी सोपवणूक सिद्ध करून हवी असते: कोणत्या अटीवर, किती किमतीला, कशासाठी दिली. हे सगळे तोंडी असले की ठाण्यातला अधिकारी ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणतो, आणि ते नेहमी टाळाटाळीचे नसते, कारण त्याच्यापुढे खरोखरच दोन परस्परविरोधी हकिकतींखेरीज काही नसते. ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. तिथेही ‘सेवेचा मोबदला किती घेतला’ हा प्रश्न येतो, आणि ‘वरचे तुमचे’ या बोलीत मोबदल्याचा आकडा कधी ठरलेलाच नसतो. दंड कितीही मोठा असला तरी तो नोंदीची उणीव भरून काढत नाही.

म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांत २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने झालेला बदल मला या इतिहासातला खरा टप्पा वाटतो. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी झालेल्या, म्हणजे जुन्या, गाड्यांच्या डीलरला पहिल्यांदा कायद्यात ओळख मिळाली. नियम ५५-ए ते ५५-एच त्याच्यासाठी आहेत. त्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यायचे. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी भरून तसे ऑनलाइन कळवायचे. तिथून पुढे गाडीचा मानीव मालक डीलर, आणि तिच्यामुळे जे घडेल त्याला जबाबदारही तोच. नाव बदलण्याचा, ना-हरकत प्रमाणपत्राचा, हरवलेल्या आरसीचा अर्ज त्याने स्वतः करायचा. आणि गाडी बाहेर काढली तर कशासाठी, कोण चालवत होते, किती किलोमीटर झाले, याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायची. दोन महिने गाडी फिरवल्याच्या भांडणाला ही शेवटची तरतूद थेट उत्तर आहे. इतकी साधी नोंद व्हायला १९१४ पासून शंभरावर वर्षे लागली, ही गोष्ट मनाला लागते. आजही कित्येक मालक कोऱ्या २९-३० वरच सही करून येतात, कारण २९-सी नावाचा कागद असतो हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

पण या नियमांची मर्यादाही ओळखली पाहिजे. ते मोटार वाहन कायद्याखालचे आहेत, आणि तो नोंदणीचा कायदा आहे. गाडी कुणाच्या ताब्यात, हे तो विचारतो. ती कितीला गेली आणि पैसे कुणाच्या खात्यात, हा त्याचा विषय नाही. अपघाताची नोटीस आता डीलरच्या दारात जाईल, तरी साडेचार लाखांची विक्री पावणेचारची म्हणून सांगण्याला या नियमांत काही आडकाठी नाही. बाजार समितीच्या भाषेत सांगायचे तर तोलारी बसला, पट्टी आणि त्याच दिवशीचा चुकारा राहिला.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप बाजार समित्यांच्याच इतिहासातून येतो. परवाने आले, त्यांच्या जोरावर मूठभर अडत्यांची मक्तेदारी झाली, नव्या माणसाला गाळा मिळेना, आणि अखेर जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारला फळे-भाजीपाला समित्यांच्या नियंत्रणातून मोकळा करावा लागला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवावे लागले. जुन्या गाड्यांच्या धंद्यालाही तसल्याच परवान्यांत कोंबायचे का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. जिल्ह्याच्या गावी चार गाड्या लावून बसलेल्या माणसाला अधिकारपत्रासाठी आरटीओच्या खेपा घालाव्या लागल्या, तर तो ते न घेताच धंदा करील आणि नियम फक्त मोठ्या शोरूमपुरते उरतील. पण वऱ्हाडच्या बाजारात शेतकऱ्याला फायदा कशाने झाला, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. उघड भाव, लेखी पट्टी आणि वेळेवर चुकारा यांनी तो झाला. गाळ्यांची संख्या बांधून ठेवल्याने झालेला नाही. तिने नुकसानच केले. मोटारीच्या धंद्यात पहिल्या तीन गोष्टी कुणाचीही संख्या न बांधता आणता येतात. २९-सी भरतानाच डीलरचा मोबदला, टक्क्यात असो वा रकमेत, लिहायचा. गिऱ्हाइकाने दिलेली किंमत नाव बदलण्याच्या अर्जात नोंदवायची आणि ती मूळ मालकाला मोबाइलवर दिसायची. नाव बदलले की ठरावीक दिवसांत पैसे चुकते. यात अधिकाऱ्याच्या मर्जीला फारसा वाव नाही, आणि प्रामाणिक डीलरचे, असे डीलर पुष्कळ आहेत, काही जातही नाही. उलट आज त्याला ज्याच्या तोंडी भावाशी स्पर्धा करावी लागते, त्याचा खोटा आकडा उघडा पडेल.

मोठ्या कंपन्या आता गाडी सरळ विकत घेतात, त्यामुळे सोपवून विकण्याची पद्धतच मागे पडेल, असेही म्हटले जाते. मारुतीने २००१ मध्ये ट्रू व्हॅल्यू सुरू केले तेव्हापासून हे ऐकू येते. साध्या, पाचसात वर्षांच्या गाड्यांबाबत त्यात तथ्य आहे. पण महागडी गाडी, दहा वर्षांपलीकडची गाडी, ज्या गाडीला गिऱ्हाईक कधी मिळेल सांगता येत नाही अशी गाडी, यांत कोणताही व्यापारी स्वतःचे भांडवल अडकवायला कचरतो. ती मालकाच्याच जोखमीवर व्यापाऱ्याच्या जागेत उभी राहते. या गाड्यांच्या मालकांसाठी करार कायद्याचे २१३वे कलम आजही जिवंत आहे. मागताच हिशोब दिला पाहिजे, असे ते सांगते. तो मागायचा तर सोपवण्याच्या दिवशीच किंमत, मोबदला आणि मुदत एका कागदावर उतरवून दोघांनी सह्या केल्या पाहिजेत, आणि २९-३० वर घेणाऱ्याचे नाव पडल्याशिवाय पेन उचलता कामा नये.